इरेझर कोडिंगवर खोडरबर चालत नाही: ऑब्जेक्ट स्टोरेजमधला डेटा दुरुस्त करायचा कसा

“फाइल वीस जीबीची आहे, बदलायचेत चाळीस केबी. तेवढ्यासाठी सगळी फाइल परत चढवायची?”

ड्रोन सर्वेक्षणाच्या प्रतिमांवर काम करणाऱ्या एका टीमने मला हा प्रश्न विचारला होता. टिफ फाइलच्या मधल्या एका टाइलमध्ये जो भाग झाकायला हवा होता तो उघडाच राहिला होता. लॅपटॉपवर हे दोन सेकंदांचं काम: फाइल उघडा, त्या जागेवर जा, लिहा, बंद करा. ऑब्जेक्ट स्टोरेजमध्ये (जिथे प्रत्येक फाइल ‘ऑब्जेक्ट’ म्हणून अख्खी ठेवली जाते) ‘त्या जागेवर जाऊन लिहा’ ही सोयच नसते. ती का नसते हे एकदा नीट कळलं की कुठे कुठला मार्ग धरायचा हे ठरवायला वेळ लागत नाही. म्हणून आधी थोडं गणित, मग कृती.

ऑब्जेक्ट स्टोरेज डेटा बहुधा इरेझर कोडिंगने जपतं, तेव्हा नावातला गोंधळही आधीच मिटवू. ‘इरेझर’चा इथे खोडरबराशी संबंध नाही. इथे इरेझर म्हणजे गहाळ होणं. डिस्क गेली, नोड (म्हणजे एखादा सर्व्हर) बंद पडला, तर उरलेल्या तुकड्यांवरून गेलेला तुकडा पुन्हा घडवायचा. आयर्विंग रीड आणि गुस्ताव्ह सॉलोमन यांनी १९६० साली मांडलेलं गणित आजही या कामाला बहुतेक ठिकाणी वापरलं जातं. हरवलेलं परत आणण्यात ते पटाईत आहे. लिहिलेल्यावर खाडाखोड करायची म्हटलं की मात्र त्याची पंचाईत होते.

कागदावर करून बघा

डेटाचे ‘के’ तुकडे करायचे, त्यांच्यावरून ‘एम’ पॅरिटी तुकडे (हरवलेलं परत घडवायला लागणारे जादा तुकडे) काढायचे आणि सगळे वेगवेगळ्या डिस्कवर ठेवायचे. ४+२ (के ४, एम २) असेल तर सहापैकी कुठलेही दोन गेले तरी डेटा शाबूत, आणि जागा लागते दीडपट. तीन प्रती ठेवल्या तरी दोनच डिस्क गेलेल्या चालतात, पण जागा लागते तिप्पट. लोक इरेझर कोडिंगकडे वळतात ते या फरकासाठी.

एकाच पॅरिटीचं छोटं उदाहरण घेऊ. तीन तुकडे, प्रत्येकी चार बिटांचे, आणि पॅरिटी साध्या एक्सॉरने काढलेली (दोन बिट सारखे असतील तर ०, वेगळे असतील तर १):

तुकडा १: १०११
तुकडा २: ०११०
तुकडा ३: ०१००
पॅरिटी: १००१

आता तुकडा २ बदलून ००११ करायचा आहे. जुना आणि नवा यांचा एक्सॉर घ्या: ०१०१. हा झाला फरक. तोच जुन्या पॅरिटीत मिसळा: १००१ आणि ०१०१ यांचा एक्सॉर ११००. ही नवी पॅरिटी. तुकडा १ आणि ३ वाचायचीही गरज पडली नाही. तिन्ही तुकड्यांवरून नव्याने काढून बघा, ११०० च येईल. खऱ्या रीड-सॉलोमनमध्ये दुसऱ्या पॅरिटीसाठी हाच फरक एका ठरलेल्या गुणकाने गुणून मिसळतात (तो गुणाकार मर्यादित अंकक्षेत्रातला असतो, शाळेतला नव्हे), पण कल्पना हीच.

आता नवा तुकडा २ डिस्कवर उतरला, आणि पॅरिटी लिहिण्याआधीच वीज गेली असं धरा. डिस्कवर पॅरिटी जुनीच आहे, १००१. चार दिवसांनी तुकडा ३ ची डिस्क मेली. सिस्टिम तुकडा ३ परत घडवते: १०११, ००११ आणि १००१ यांचा एक्सॉर. उत्तर येतं ०००१. मूळ तुकडा होता ०१००.

इथे क्षणभर थांबा. तुकडा ३ ला कोणी हातही लावला नव्हता. बदल शेजारच्या तुकड्यात झाला आणि कचरा याच्या जागी आला, तोही एरर न दाखवता. रेडच्या (अनेक डिस्क एकत्र जोडून वापरण्याच्या पद्धतीच्या) जगात याला ‘राइट होल’ म्हणतात. इरेझर कोडेड डेटा जागच्या जागी बदलताना खरी भीती असते ती हीच. बदललेला तुकडा चुकला तर निदान तुम्ही तो तपासता तरी. शेजाऱ्याला कोण बघतं?

यावरचा उपाय आपल्या सातबाऱ्यात रोज दिसतो. तलाठी सातबाऱ्यावर थेट नाव खोडून नवं लिहीत नाही. आधी फेरफार नोंदवहीत नोंद होते, मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, आणि मग सातबारा बदलतो. मधेच काही अडलं तर जुना सातबारा जागेवर असतो. स्टोरेजमध्येही तेच करावं लागतं: आधी नोंद, सगळ्या तुकड्यांवर जुन्याची जपणूक, मग बदल, आणि अर्धवट राहिलंच तर मागे फिरण्याची वाट.

एका छोट्या बदलाचा खर्च किती

पट्टा म्हणजे ‘के’ डेटा तुकडे आणि त्यांची पॅरिटी मिळून एक ओळ. पट्ट्यातला एकच तुकडा बदलायचा असेल तर दोन वाटा आहेत.

फरकाची वाट: जुना तुकडा आणि सगळ्या जुन्या पॅरिटी वाचा, फरक मिसळा, परत लिहा. ८+३ मध्ये ४ वाचनं आणि ४ लेखनं, एकूण ८.

पुनर्गणनेची वाट: न बदललेले तुकडे वाचा, पॅरिटी नव्याने काढा. ८+३ मध्ये ७ वाचनं आणि ४ लेखनं, एकूण ११.

बदलणारे तुकडे ‘डब्ल्यू’ असतील तर पहिलीत डब्ल्यू+एम वाचनं पडतात, दुसरीत के−डब्ल्यू. म्हणजे डब्ल्यू हा (के−एम)च्या निम्म्याहून कमी असेल तरच फरकाची वाट स्वस्त. ८+३ मध्ये दोन तुकड्यांपर्यंत ती फायद्याची. ४+२ मध्ये एका तुकड्यालाही दोन्ही वाटांचा खर्च सारखाच, सहा. साध्या तीन प्रतींमध्ये हाच बदल तीन लेखनांत संपतो, वाचन शून्य. जागेत वाचवलेलं इथे व्याजासकट परत द्यावं लागतं.

आणि पट्टा पूर्णच बदलत असेल तर? काहीच वाचायचं नाही. नवी पॅरिटी काढा, लिहा, संपलं. पुढच्या जवळपास प्रत्येक सल्ल्याचं मूळ या एका ओळीत आहे.

मोठ्या सिस्टिम बांधणाऱ्यांनी हे फार आधी ओळखलं. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर स्टोरेजमध्ये (त्यांनी २०१२ साली जाहीर केलेली रचना १२+२+२ ची, म्हणजे १२ डेटा तुकड्यांना ४ पॅरिटी, १.३३ पट जागेची) डेटा आधी तीन प्रतींत, फक्त शेवटाला जोडत लिहिला जातो. एक्स्टेंट (असा लिहिलेला डेटाचा मोठा गठ्ठा) भरून सील झाला की मगच त्याचं कोडिंग होतं. सील झाल्यावर त्यात बदल नाही. फेसबुकच्या एफ४ चं, म्हणजे २०१४ साली त्यांनी मांडलेल्या १०+४ च्या कोठाराचं, तर मला फार कौतुक आहे. तिथे फोटो डिलीट करायचा तरी कोडेड डेटाला हात लावत नाहीत. प्रत्येक फोटो वेगळ्या किल्लीने एन्क्रिप्ट केलेला, किल्ल्या वेगळ्या डेटाबेसमध्ये. डिलीट म्हणजे किल्ली फेकून देणं. कुलूप तसंच राहतं, उघडणार कोणी नाही.

पायरी १: खरंच ‘एडिट’ हवंय का ते ठरवा

पुढे जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. ऑब्जेक्ट किती मोठा? बदल किती वेळा होणार? आणि बदल होताना दुसरं कोणी त्यात लिहितंय का?

ऑब्जेक्ट काहीशे एमबीच्या आत आणि बदल क्वचित असेल तर सरळ सगळा उतरवा, बदला, परत चढवा. यात कमीपणा काही नाही. ॲमेझॉनची एस३ ही ऑब्जेक्ट स्टोरेज सेवा २००६ साली आली तेव्हापासून सर्वसाधारण बकेटमध्ये (ऑब्जेक्ट ठेवायच्या कप्प्यात) ऑब्जेक्टचा मधला भाग बदलण्याची सोय नाही, पूर्ण ऑब्जेक्टच बदलला जातो. एस३ सारखंच चालणारं मिनिओ हे सॉफ्टवेअरही आतून तसंच वागतं: नवा डेटा वेगळ्या डिरेक्टरीत लिहितं आणि मग मेटाडेटाची फाइल नव्याकडे वळवतं. सेफ हे अनेक सर्व्हरच्या डिस्क एकत्र चालवणारं स्टोरेज सॉफ्टवेअर; त्याचा राडोस गेटवे (एस३ सारखा दरवाजा) मोठा ऑब्जेक्ट डिफॉल्टने ४ एमबीच्या आतल्या, राडोस ऑब्जेक्टमध्ये वाटतो. तुम्ही त्याच नावाने परत लिहिलंत की शेपटाचे तुकडे नवे बनतात, डोकं (पहिला तुकडा) नव्याकडे वळतं आणि जुनं शेपूट कचरा गोळा करणाऱ्या रांगेत जातं. ती रांग डिफॉल्टने किमान दोन तास थांबते. मोठ्या फाइल वारंवार बदलल्यात आणि क्लस्टर (सर्व्हरचा हा समूह) अचानक भरलेलं दिसलं, तर घाबरण्याआधी ही रांग बघा.

बदल रोजचे असतील तर मार्ग वेगळे. ते पायरी ४ आणि ५ मध्ये.

पायरी २: मोठ्या फाइलला ठिगळ लावा

आता ती वीस जीबीची टिफ. एस३ च्या मल्टिपार्ट अपलोडमध्ये (फाइल भागाभागांनी चढवण्यात) एक कमी वापरली जाणारी सोय आहे: भाग तुमच्याकडून न चढवता सर्व्हरवरच्या जुन्या ऑब्जेक्टमधून, बाइटची कक्षा सांगून कॉपी करता येतो. तिचं नाव अपलोड-पार्ट-कॉपी. नियम दोन: शेवटचा सोडून कुठलाही भाग ५ एमबीपेक्षा लहान नको आणि एक भाग ५ जीबीपेक्षा मोठा नको. (एमबी, जीबी इथे सगळीकडे १०२४ च्या पटीतले.) एका अपलोडमध्ये जास्तीत जास्त १०,००० भाग.

फाइल २१४७४८३६४८० बाइटची, म्हणजे बरोबर २० जीबी. बदल ९ जीबीच्या जरा पुढे. मग भाग असे पडतात:

भाग १, कॉपी: ० ते ५३६८७०९११९
भाग २, कॉपी: ५३६८७०९१२० ते ९६६३६७६४१५
भाग ३, आपला: ९६६३६७६४१६ ते ९६६८९१९२९५
भाग ४, कॉपी: ९६६८९१९२९६ ते १५०३७६२८४१५
भाग ५, कॉपी: १५०३७६२८४१६ ते २०४०६३३७५३५
भाग ६, कॉपी: २०४०६३३७५३६ ते २१४७४८३६४७९

भाग ३ बरोबर ५ एमबीचा आहे. बदल चाळीस केबीचा असला तरी किमान मर्यादेमुळे त्याच्या भोवतीचे ५ एमबी उतरवायचे, त्यात चाळीस केबी बदलायचे आणि ५ एमबी परत चढवायचे. तुमच्या इंटरनेटवरून गेले एकूण १० एमबी.

कक्षेतला शेवटचा बाइटही धरलेला असतो, हे वर दोनदा वाचा. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा भागाचा शेवट आणि पुढच्याची सुरुवात एकच आकडा ठेवला होता. शेवटचा कॉपी भाग सर्व्हरने नाकारला, तो मी घाईत हाताने सुधारला आणि बाकीचे चार तसेच सोडले. जुळलेली फाइल चार बाइटांनी मोठी. टिफच्या आतले टाइलचे पत्ते पहिल्या सांध्यापासूनच सरकले आणि नकाशावर अर्धं गाव तिरकं झालं. तेव्हापासून शेवटची शिक्कामोर्तबाची विनंती पाठवण्याआधी सगळ्या भागांच्या लांबीची बेरीज करून मूळ आकाराशी ताडून बघणं हा माझा नियम आहे. स्क्रिप्टमध्ये एकच ओळ लागते.

यातल्या बाकीच्या खाचखळग्यांवरून भराभर जाऊ. बदलाची लांबी कमी-जास्त झाली तरी स्टोरेजला फरक पडत नाही, पण फाइलच्या आत पत्ते लिहिलेले असतील (टिफ, तक्त्यांसाठीची पार्के, झिप) तर तिला पडतो. नव्या अपलोडमध्ये जुना कंटेंट-टाइप आणि तुम्ही लावलेला मेटाडेटा आपोआप येत नाही. अपलोड सुरू करतानाच परत द्यायचा. ईटॅग (ऑब्जेक्टची ओळखखूण) आता फाइलचा एमडी५ हॅश राहत नाही. तो भागांच्या हॅशवरून बनतो आणि त्याच्या शेवटी ‘-६’ अशी भागांची संख्या दिसते, त्यामुळे ईटॅग ताडून पडताळणी करणारी जुनी स्क्रिप्ट इथे खोटी ओरड करेल. आणि अर्धवट राहिलेल्या अपलोडचे भाग ऑब्जेक्टच्या नेहमीच्या यादीत न दिसता जागा खात बसतात. ते ठरावीक दिवसांनी रद्द करणारा लाइफसायकल नियम बकेटवर आजच लावून टाका.

एक मात्र लक्षात असू द्या. आतमध्ये वीस जीबी वाचले जातात आणि त्यांचं कोडिंग नव्याने होतंच. काम नाहीसं झालेलं नाही, ते तुमच्या वायरीवरून हटलं आहे इतकंच. दिवसातून एकदा ठीक. दर मिनिटाला करायला गेलात तर क्लस्टर सांभाळणारा माणूस तुम्हाला शोधत येईल.

अझ्युरवर असाल तर ब्लॉक ब्लॉबमध्ये हेच जास्त सुटसुटीत आहे. ब्लॉब म्हणजे ब्लॉकची यादी. एक नवा ब्लॉक चढवा आणि यादी परत द्या, त्यात जुन्यांची नावं तशीच आणि बदललेल्याच्या जागी नवं. मूळ फाइल चढवतानाच ब्लॉक छोटे ठेवले असतील तर पुढचं एडिटिंग खरंच स्वस्त पडतं.

पायरी ३: दुसऱ्याच्या बदलावर पाणी फिरवू नका

उतरवा-बदला-चढवा या पद्धतीत दोघांनी एकाच वेळी फाइल उतरवली तर नंतर चढवणारा जिंकतो आणि आधीच्याचा बदल गुपचूप गायब होतो. यावरचा इलाज एस३ वर नोव्हेंबर २०२४ पासून आहे: लिहिताना ‘इफ-मॅच’ हेडरमध्ये, वाचताना मिळालेला ईटॅग पाठवा. मधल्या काळात कोणी बदल केला असेल तर ४१२ (अट जुळली नाही) हा एरर येतो आणि तुमचं लेखन होत नाही. मग परत उतरवा, परत बदला. मल्टिपार्टमध्ये हे हेडर शेवटच्या, अपलोड पूर्ण करण्याच्या विनंतीवर लावायचं. शिवाय भाग कॉपी करतानाही ‘कॉपी-सोर्स-इफ-मॅच’ लावा, नाहीतर पहिले दोन भाग जुन्या आवृत्तीतले आणि उरलेले नव्यातले असा गोधडीसारखा ऑब्जेक्ट तयार होईल. एस३ सारखा एपीआय देणाऱ्या प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये हे पाळलं जातं असं गृहीत धरू नका. मुद्दाम चुकीचा ईटॅग पाठवून ४१२ येतो का ते आधी बघा.

आणि व्हर्जनिंग (जुन्या आवृत्त्या जपण्याची सोय) चालू ठेवा. ठिगळ चुकलं तर मागे जायला तीच एक शिडी.

पायरी ४: रोज बदलायचं असेल तर फाइलचा आकारच बदला

माझं मत विचाराल तर बहुतेक वेळा खरं उत्तर इथे आहे. वीस जीबीचा एक ऑब्जेक्ट ठेवण्याऐवजी १६ किंवा ३२ एमबीचे अनेक ऑब्जेक्ट ठेवा आणि एका छोट्या यादीत त्यांचा क्रम लिहा. बदल म्हणजे एक नवा ऑब्जेक्ट नव्या नावाने लिहायचा आणि मग यादी इफ-मॅचसह बदलायची. जुना तुकडा यादीतून सुटला की काही दिवसांनी झाडून टाका. प्रत्येक लेखन पूर्ण पट्ट्यांचं होतं, मागचं काही वाचावं लागत नाही, आणि मधेच वीज गेली तर फारतर एखादा अनाथ तुकडा पडून राहतो.

तक्त्यांच्या दुनियेत आइसबर्ग, डेल्टा लेक आणि हुडी या तक्ते सांभाळणाऱ्या पद्धती हेच करतात. पार्के फाइल बदलत नाहीत. एकतर नवी फाइल लिहून यादी वळवतात, नाहीतर बदलांच्या छोट्या फाइल बाजूला ठेवून वाचताना मिसळतात आणि सवडीने एकत्र करतात. दुसऱ्या पद्धतीत ते एकत्रीकरणाचं काम लावायला विसरलात तर महिन्याभरात छोट्या फाइलींचा उकिरडा होतो.

इरेझर कोडिंगवर छोटे ऑब्जेक्ट विशेष महाग पडतात. सेफच्या ४+२ पूलमध्ये (एकाच नियमाने डेटा ठेवणाऱ्या कोठारात), ४ केबीच्या स्ट्राइप युनिटवर (पट्ट्यातल्या एका तुकड्याच्या आकारावर), १ केबीचा ऑब्जेक्टही सहा डिस्कवर चार-चार केबी घेतो: २४ केबी. पॅसिफिक आवृत्तीआधी हार्ड डिस्कवर बनवलेल्या ओएसडींमध्ये (ओएसडी म्हणजे सेफमध्ये एकेक डिस्क सांभाळणारा प्रोग्राम) किमान वाटप ६४ केबीचं असायचं, तिथे हेच ३८४ केबी. सेफ अपग्रेड केल्याने हा आकडा बदलत नाही, ओएसडी नव्याने बनवावी लागते.

पायरी ५: जागच्या जागीच लिहायचं असेल तर, सेफमध्ये

व्हर्च्युअल मशीनच्या डिस्क किंवा फाइल सिस्टिम इरेझर कोडेड पूलवर ठेवायची असेल तर वरचे मार्ग कामाचे नाहीत. तिथे खरं ओव्हरराइट लागतं. सेफमध्ये इरेझर कोडेड पूल फायरफ्लायपासून, म्हणजे २०१४ पासून आहेत, पण सुरुवातीला त्यांच्यात फक्त शेवटाला जोडता यायचं. कारण सरळ आहे: जोडणी फसली तर शेपूट कापलं की झालं. मधला बदल फसला तर जुनं कुठून आणणार? २०१७ च्या ल्युमिनस आवृत्तीत ब्लूस्टोअर (ओएसडीची डिस्कवर लिहिण्याची नवी पद्धत) आलं आणि ते बदलण्याआधी जुन्या भागाची नक्कल बाजूला ठेवू लागलं, तेव्हा ओव्हरराइट शक्य झालं. ही झाली सेफची फेरफार नोंदवही.

कृती अशी. (सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; टंकायची अर्थातच रोमनमध्ये.)

सगळ्या ओएसडी ब्लूस्टोअरवर आहेत याची खात्री करा. ‘ओएसडी काउंट-मेटाडेटा ओएसडी_ऑब्जेक्टस्टोअर’ ही कमांड सगळ्यांची मोजणी देते. मग इरेझर कोड प्रोफाइल बनवा: के ४, एम २, फेल्युअर डोमेन होस्ट (म्हणजे एका सर्व्हरवर एकच तुकडा). यासाठी किमान सहा होस्ट हवेत, आणि सातवा असेल तर एक गेल्यावर दुरुस्तीला जागा मिळते. पाच होस्टवर डोमेन ‘ओएसडी’ करून काम उरकणारे मी पाहिले आहेत; एक मशीन बंद पडलं की त्यांचे तीन तुकडेही एकदम जाऊ शकतात.

स्ट्राइप युनिट इथेच ठरवा. डिफॉल्ट ४ केबी, म्हणजे ४+२ चा डेटाचा पट्टा १६ केबीचा. पूल बनल्यावर के, एम किंवा युनिट बदलता येत नाही. नवा पूल काढून डेटा हलवणं एवढाच मार्ग उरतो.

पूल बनवा आणि त्यावर ‘अलाऊ_ईसी_ओव्हरराइट्स’ ट्रू करा. एकदा चालू केलं की बंद करता येत नाही.

इरेझर कोडेड पूलला ओमॅप (ऑब्जेक्टसोबत किल्ली-किंमत नोंदी ठेवण्याची सोय) येत नाही, म्हणून आरबीडीचा (सेफच्या व्हर्च्युअल डिस्कचा) मेटाडेटा तीन प्रतींच्या पूलमध्ये ठेवावा लागतो. इमेज प्रतींच्या पूलमध्ये बनवा आणि बनवताना ‘डेटा-पूल’ म्हणून इरेझर कोडेड पूलचं नाव द्या. सेफएफएसमध्ये (सेफच्या फाइल सिस्टिममध्ये) पहिला डेटा पूल प्रतींचाच ठेवा, इरेझर कोडेड पूल जादा म्हणून जोडा आणि हव्या त्या डिरेक्टरीच्या लेआउटमध्ये तो नेमा. लेआउट बदलला तरी जुन्या फाइल जिथल्या तिथे राहतात, फक्त नव्या फाइल नव्या पूलमध्ये जातात. “लेआउट बदलला तरी जागा का वाचली नाही?” हा प्रश्न मला इतक्यांदा आला आहे की आता मी उत्तर कॉपी-पेस्ट करतो.

वेगाबद्दल आशा बेताची ठेवा. सेफची जुनी पद्धत फरकाची वाट वापरत नाही. पट्ट्यातला थोडा भाग बदलला तरी अख्खा पट्टा वाचते आणि सगळे तुकडे परत लिहिते. ४+२ मध्ये ४ वाचनं, ६ लेखनं. त्यात लेखन पट्ट्याच्या सीमेवर नसेल तर दुखणं दुप्पट: १६ केबी बरोबर ० पासून लिहिले तर एक पूर्ण पट्टा, वाचन शून्य, तेच ८ केबीपासून लिहिले तर दोन पट्टे अर्धे-अर्धे, म्हणजे वाचनही आलं आणि लेखनही वाढलं. टेंटॅकल आवृत्तीत ‘अलाऊ_ईसी_ऑप्टिमायझेशन्स’ हा नवा झेंडा आहे. तो लावला की फक्त लागतील तेवढेच तुकडे वाचले-लिहिले जातात आणि पॅरिटीत फरक मिसळण्याची वाट वापरली जाते. त्यासाठी सगळ्या ओएसडी आणि मॉनिटर त्या आवृत्तीवर हवेत, आणि हाही झेंडा परत खाली उतरवता येत नाही. आधी प्रयोगाच्या पूलवर लावून बघा.

तरीही डेटाबेस इथे ठेवू नका. एका ठिकाणी हार्ड डिस्कवरच्या ८+३ पूलमध्ये पोस्टग्रेसची मशीन ठेवलेली होती. पानं ८ केबीची, पट्टा ३२ केबीचा, म्हणजे जवळपास प्रत्येक लेखन अर्धवट पट्ट्याचं. दिवसा तक्रार नव्हती. रात्री चेकपॉइंट आणि बॅकअप एकत्र आले की सगळं गोठायचं. डेटाबेस तीन प्रतींच्या एसएसडी पूलवर हलवला, बॅकअपच्या फाइल ८+३ वरच ठेवल्या. दोघांनाही आपापलं घर मिळालं.

पायरी ६: मुद्दाम मोडून बघा

उत्पादनात जाण्याआधी हे करा, आणि खऱ्या डेटावर नको. ओळखता येईल अशा मजकुराची एक मोठी फाइल लिहा, तिचे चेकसम काढून वेगळ्या मशीनवर ठेवा. मग एफआयओ या डिस्कची चाचणी घेणाऱ्या साधनाने तिच्यातल्या ठरावीक पट्टीत ४ केबीचं रँडम लेखन चालू करा आणि चालू असतानाच एक ओएसडी थांबवा. थोड्या वेळाने दुसऱ्या होस्टवरची आणखी एक.

४+२ मध्ये पूलचा किमान आकार (काम चालू राहायला किती तुकडे जिवंत हवेत तो आकडा) के+१, म्हणजे ५ असतो. दुसरी ओएसडी थांबली की ज्या गटांच्या (सेफ ऑब्जेक्ट अशा गटांत वाटून ओएसडींवर ठेवतं) दोन्ही जागा गेल्या ते लिहिणं-वाचणं थांबवतील. हे बरोबर आहे. ‘काम अडलंय’ म्हणून किमान आकार ४ वर आणायचा मोह होतो. तसं केलंत तर नवी लेखनं एकही जादा तुकडा न ठेवता स्वीकारली जातात, आणि त्या वेळात आणखी एक डिस्क गेली तर नुकतंच लिहिलेलं तर जाईलच, पण त्याच पट्ट्यातलं न बदललेलंही सोबत जाईल.

दोन्ही ओएसडी परत चालू करा, गट स्वच्छ होऊ द्या आणि मग डीप-स्क्रब (सगळे तुकडे वाचून केलेली तपासणी) चालवा. विसंगती दाखवली तर लगेच दुरुस्तीची कमांड मारू नका. ‘राडोस लिस्ट-इनकन्सिस्टंट-ओबीजे’ने आधी बघा कुठला तुकडा आणि काय चुकलंय. शेवटी फाइल परत वाचून चेकसम ताडा. बदललेल्या पट्टीकडे सगळ्यांचं लक्ष असतंच. तुम्ही तिच्या दोन्ही बाजूंचे, ज्यांना एफआयओने हातही लावला नाही ते बाइट ताडा.

त्या ड्रोनवाल्या टीमने शेवटी ठिगळाचाच मार्ग घेतला, कारण फाइल एकदाच बदलायची होती. भाग सहा, बेरीज जुळली, आणि पुढच्या सर्वेक्षणापासून त्यांनी एका मोठ्या टिफऐवजी प्रत्येक गावाची वेगळी फाइल चढवायला सुरुवात केली. जुनी आवृत्ती मात्र त्यांनी अजून पुसलेली नाही, आणि ज्या भागासाठी हा सगळा खटाटोप केला तो त्या आवृत्तीत अजून उघडाच आहे, हे परवा त्यांना फोन करून सांगावं लागलं.